हजेरीची ओळ

तुपकरी सर म्हणून जो कोणी रोज संध्याकाळी ‘घंटी’चं दार वाजवत होता, तो तुपकरी सर नव्हता, याबद्दल मंदाकिनी घोलपच्या मनात तसूभरही शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की तो आहे तरी कोण. आणि ते शोधून काढायला तिच्या हातात फक्त आजचा रविवार होता, कारण संध्याकाळी सहा वाजता ‘घंटी’ कायमची बंद व्हायची होती.

विजेवरची एसटी धुळे सोडून अमळनेरच्या रस्त्याला लागली, तशी तिने मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. शेजारच्या बाईने कुठे उतरणार म्हणून साधं विचारलं, तर मंदाकिनीने तिला आधी नखशिखान्त न्याहाळलं आणि मग “पुढे” एवढंच सांगितलं. अलीकडे तिचा स्वभावच तसा झाला होता.

‘घंटी’ हा जुन्या टायपिस्टांचा इंटरनेटवरचा अड्डा होता. कोर्टातले, कलेक्टर कचेरीतले, झेडपीतले, ज्यांची बोटं लोखंडी टाइपरायटरवर घडली आणि नंतर कॉम्प्युटरवर झिजली, असे सगळे निवृत्त लोक तिथे जमायचे. ओळ संपत आली की टाइपरायटर ‘टिंग’ करायचा. तोच आवाज त्यांनी गप्पांना लावला होता, प्रत्येक नव्या निरोपाला एक टिंग. मोबाइलवर अंगठा घासणाऱ्यांना तिथे मज्जाव होता आणि यंत्राला बोलून लिहून घेणाऱ्यांना तर दाराशीही उभं करत नसत. दहा बोटांनी, कीबोर्डवर आणि न बघता लिहायचं, असा दंडक होता. साहेब लोकांची हस्ताक्षरं आयुष्यभर वाचून वाचून डोळे गेले, पण बोटं शाबूत आहेत, ही या मंडळींची एकमेव घमेंड होती आणि ती त्यांनी मनसोक्त मिरवली.

आत शिरताना प्रत्येकाला हजेरीची ओळ मारावी लागे. ओळही कचेरीतलीच निवडली होती: ‘सदर अर्ज आज रोजी मिळाला, पुढील कार्यवाहीस्तव सादर.’ पासवर्ड वगैरे भानगड नव्हती. दाराला कुलूप होतं ते लयीचं.

ते बनवलं होतं शलाका जोगळेकरने. ती एका सदस्य बाईंची मुलगी आणि पुण्यात मेंदू आणि यंत्रं यांच्या मधल्या कुठल्याशा शास्त्रात काम करणारी. तिने सगळ्यांना सोप्या भाषेत समजावलं होतं. माणूस एक कळ किती वेळ दाबून धरतो, ती सोडून दुसरीकडे जायला किती वेळ घेतो, कुठल्या जोडाक्षराशी अडखळतो, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजता येतं. दोन माणसांची लय कधीच सारखी नसते. आवाजाची हुबेहूब नक्कल निघते, चेहऱ्याचीही निघते, व्हिडिओ कॉलवर समोर बसलेला भाऊ खरा की खोटा हे आईलाही सांगता येत नाही, असे दिवस आलेले. पण लय बोटांत नसतेच, ती मेंदूत खोल असते आणि तिथवर चोराचा हात पोचत नाही. आता बँकासुद्धा सहीऐवजी लय मागू लागल्या होत्या.

सुरुवातीला हे कुलूप मोठं समंजस होतं. माणसाची लय रोज कणाकणाने बदलते, तसं तेही रोज थोडं शिकायचं. पण मग जोगळेकरबाई वारल्या, आणि तेराव्यानंतर काही दिवसांनी ‘घंटी’वर त्यांच्याच नावाने “सुप्रभात मंडळी” उमटलं. कुणा हरामखोराने त्यांची जुनी लय मिळवून कुलपाला हळूहळू फशी पाडलं होतं. शलाका त्या दिवशी फोनवर नुसती रडली. मंदाकिनी आणि मालेगावचे विठोबा खैरनार हे दोघे ‘घंटी’चे किल्लीदार. त्यांनी एकमताने ठरवलं की आता शिकणं बंद. प्रत्येकाची त्या दिवशीची लय गोठवून टाकायची आणि त्यात जो बसेल तोच आत येईल.

“असं नका करू. माणूस गोठत नाही,” शलाका म्हणाली होती.

“टायपिस्टचा हात गोठतो,” खैरनारांनी तिला ऐकवलं होतं. “चाळीस वर्षं एका ठेक्यात चाललेला हात आहे हा. तो नाही बदलत.”

आणि हे सगळ्यांना इतकं पटलं की पुन्हा कुणी शंकाही काढली नाही.

त्यानंतर तोतयांचा सुळसुळाट झाला. आधी एक, मग दोन, मग दर महिन्याला कुणीतरी. आज पंढरीनाथ आगळेंच्या नावाने कुणी यायचा, उद्या लीला म्हसकरांच्या. कुलूप त्यांना हाकलून द्यायचं आणि मंदाकिनी त्यांची नावं सदस्यांच्या फळ्यावरून पुसून टाकायची. उरलेले लोक एकमेकांशी हातचं राखून बोलू लागले. कुणी नातवाचं कौतुक सांगितलं, तरी बाकीच्यांना वाटे, हा ते आपल्याला का सांगतोय? शेवटी मतदान झालं. चोरांनी सगळ्यांच्या लयी लुटून नेण्याआधी ‘घंटी’ बंद करायची आणि आतलं सगळं पुसून टाकायचं, असं ठरलं.

तुपकरी सरांच्या नावाने येणारा तोतया मात्र सगळ्यांत चिवट होता. तीन वर्षं झाली, रोज संध्याकाळी तो ओळ मारायचा आणि रोज कुलूप म्हणायचं, ‘लय जुळत नाही. आपण रघुवीर तुपकरी नाही.’ मंदाकिनीला टायपिंग शिकवलं ते याच सरांनी, अमळनेरच्या त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांचा ठेका ऐकून घड्याळ लावावं. आणि त्यांच्या नावाने हा कोण धडपड्या? पहिल्यांदा तिने अमळनेरला फोन लावला होता, तर पलीकडून कुणीतरी पुटपुटलं, बसक्या, विरलेल्या आवाजात. सरांचा आवाज तर चौकापर्यंत जायचा. नक्कल करणाऱ्याला धड नक्कलही जमली नव्हती. तिने फोन आपटला आणि दारावरच्या त्या माणसाला खरमरीत लिहून टाकलं, ‘आपण कोण आहात? सरांचं नाव वापरायची लाज वाटत नाही?’

तेव्हाच यायला हवं होतं खरं. आधी सुनेचं बाळंतपण निघालं, मग गुडघा. पण ही कारणं लोकांना सांगायची. आत कुठेतरी तिला भीती वाटत होती की आपण जाऊ आणि भिंतीवर सरांचा हार घातलेला फोटो बघावा लागेल.

फोन वाजला. खैरनार होते.

“घोलपबाई, पोचलात का? आणि एकट्या आत जाऊ नका बरं. ही टोळी असते. म्हाताऱ्याला मारून घरात बसलेले असतील, काय सांगावं!”

“तुम्ही खैरनारच कशावरून?” मंदाकिनीने विचारलं.

“बरोबर आहे तुमचं,” खैरनार गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

*

दार सरांच्या बायकोने, विमलकाकूंनी उघडलं. काकू वाकल्या होत्या, पण काकूच होत्या. मंदाकिनीची नजर त्यांच्या खांद्यावरून आधी भिंतीकडे गेली. तिथे हार होता! पुढच्याच क्षणी तिला दिसलं की तो फोटोला नाही, कोनाड्यातल्या जुन्या टाइपरायटरला घातलाय. दसऱ्याचा झेंडू वाळून कोळ झाला होता.

“अगं बाई, मंदा! नाशिकहून आली का तू? अहो, बघा कोण आलंय ते!”

आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत सर बसले होते. मंदाकिनी पुढे झाली आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. नाक तेच होतं, कानाची ठेवण तीच. पण सरांचा चेहरा तिला बघून हलला नाही. हसू नाही की राग नाही, भुवईसुद्धा वर गेली नाही. मुखवटा घालून बसावं तसा माणूस तिच्याकडे टक लावून बघत होता.

“कशी आली, मंदा?” ओठ जेमतेम हलले. फोनवरचाच तो विरलेला आवाज.

ती खुर्चीत टेकली नाही. काकू फसल्या असतील. किंवा काकूही सामील असतील. असले विचार येतात याची तिला शरम वाटली, पण ते आले खरे.

“सर, एक विचारते. रागावू नका,” ती म्हणाली. “क्लासमध्ये माझ्या हातांवर तुम्ही काय बांधायचात?”

त्या माणसाने बराच वेळ घेतला. काकू काही बोलणार, तोच त्याने मान किंचित हलवली.

“विमलच्या लुगड्याचा तुकडा. हिरवा. कळा दिसू नये म्हणून.” मधे एक मोठा श्वास. “तरी तू खालून बघायची. लबाड.”

मंदाकिनी आता खुर्चीत टेकली. हे तिने कुठेही, कधीही, कुणालाही लिहिलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनसुद्धा तिचं संशयी मन विचारत होतं, मग कुलूप खोटं कसं बोलेल?

“सर, माझ्यासमोर एकदा ओळ मारून दाखवता?”

काकूंनी त्यांना टेबलाशी आणलं. सरांनी पाठ सरळ केली, मनगटं उचलली आणि बोटं कळांवर ठेवली. ठेवण अशी चोख, की मंदाकिनीला पुन्हा सतरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मग बोटं चालू लागली. ‘सदर’ नीट आलं. ‘अर्ज’वर उजवी करंगळी दाबली गेली ती उठेचना. पुढचा शब्द घाईने, त्याच्या पुढचा जडपणे. मधेच अंगठा आपला आपण थरथरला, तर सरांनी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. एकही अक्षर चुकलं नाही. पण ज्या ठेक्यावर घड्याळ लावावं, तो ठेका कुठेच नव्हता.

‘लय जुळत नाही. आपण रघुवीर तुपकरी नाही.’

“रोज असंच म्हणतं ते,” विमलकाकू म्हणाल्या. “मी म्हणते सोडा ना आता. तर म्हणतात, आज जमेल. ह्यांचा आवाज गेला, फोनवर कोणाला काही ऐकू जात नाही. लोक येतात, पाच मिनिटं बसतात, कंटाळून जातात. लिहिणंच काय ते राहिलं होतं हो बोलायला.”

“काय झालंय काकू?”

“कंपवात. मागच्या वर्षी सांगितलं जळगावच्या डॉक्टरनी. म्हणाले, नव्या गोळ्या आल्या आहेत, आजार जागच्या जागी थोपवतात. पण सुरुवातीलाच घ्यायला पाहिजे होत्या. आता उशीर झाला म्हणे. आम्हाला कुठून कळणार सुरुवात? हात तर तेव्हा कुठे हलायला लागला होता.”

मंदाकिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. तिने शलाकाला फोन लावला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

“मावशी, कंपवातात मेंदूतल्या काही पेशी मरत जातात,” शलाका म्हणाली. “हालचाल कधी सुरू करायची, कधी थांबवायची, ते ठरवायला मदत करणाऱ्या. हात दिसण्याइतका थरथरतो तोवर त्यातल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. पण त्याच्या कितीतरी आधी बोटांची लय बिघडते, सेकंदाच्या हजाराव्या भागात. डोळ्यांना ते दिसत नाही. मोजलं तरच कळतं.”

“म्हणजे आपल्या कुलपाला...”

“तीन वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याला चोर ओळखता येत नाही मावशी, त्याला फक्त बदल ओळखता येतो. चोर हे नाव आपण दिलं.”

मंदाकिनीने मनात नावं मोजली. आगळे, म्हसकर... एकेक नाव तिने आपल्या हाताने पुसलं होतं.

“मग ते सगळे तोतये? सगळ्यांनाच हा आजार?”

“नाही, नाही. कुणाचं नुसतं वय झालं असेल, कुणाचा सांधा धरला असेल. पण काहींचं हे असणार. आणि काहींची आत्ता सुरुवात असेल, गोळ्या लागू पडतील अशी. लयीच्या जुन्या नोंदी बघून मी सांगू शकते कुणी लगेच डॉक्टर गाठायचा ते. पण सहा वाजता सगळं आपोआप पुसलं जाणार. तुमच्या दोघांच्या किल्ल्या, म्हणजे दोघांच्याही ओळी, लागल्याशिवाय ते मला इथून थांबवता यायचं नाही. तसं तुम्हीच करून घेतलंय माझ्याकडून.”

*

खैरनारांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते उसळले.

“यात पाणी मुरतंय बाई! शेवटच्या तासाला दार उघडा म्हणतात? हेच तर चोरांना पाहिजे! त्या घरात तुम्हाला कुणी धमकावतंय का? धमकावत असतील तर नुसतं खोका.”

“खैरनार, मी सरांच्या शेजारी बसलेय.”

“सरांसारख्या दिसणाऱ्याच्या!”

“त्यांचा हात बघितलाय मी. ओळ त्यांचीच आहे, आणि कुलूप नाही म्हणतंय. आपलं चुकलं.”

मग खैरनार एकदम वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाले, “नेहमीच नाही म्हणतं का? की कधी कधी?”

“म्हणजे?”

“मला रोज चार-पाचदा मारावी लागते ओळ, तेव्हा कुठे घेतं. दोन वर्षं झाली. बायकोला सांगितलं, कीबोर्ड खराब आहे. तीन कीबोर्ड बदलले.” त्यांनी घसा खाकरला. “मला वाटलं, कुणाला कळलं तर मलाच तोतया ठरवाल.”

सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणारा हा माणूस स्वतःलाच भीत होता. मंदाकिनीला त्याचा राग आला नाही. गेल्या पावसाळ्यापासून तिचीही ओळ अधूनमधून दुसऱ्या खेपेला लागत होती, आणि तिनेही दोष कीबोर्डलाच दिला होता.

“बसा टेबलाशी,” ती म्हणाली. “लागेल तितक्या वेळा मारा. मीही मारते.”

तिने सरांच्या कीबोर्डवर हात ठेवला. पहिल्या खेपेला बोटं घाईने इतकी अडखळली की निम्म्यातच तिला कळलं, हे जायचं नाही. ‘लय जुळत नाही. आपण मंदाकिनी घोलप नाही.’ दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. ते वाक्य तिने किती जणांच्या नावापुढे उमटलेलं पाहिलं होतं आणि निवांतपणे चहा प्यायली होती. आता ते स्वतःला ऐकावं लागल्यावर तिला रडूच फुटलं. साडेपाच कधीच होऊन गेले होते.

खांद्यावर एक हात आला. तो हलत होता.

“मान वर,” सर पुटपुटले. “कळांकडे नको बघू. समोर बघ.”

काकूंनी काय ओळखलं कोण जाणे, त्यांनी आपला पदर पुढे ओढून तिच्या दोन्ही हातांवर टाकला.

“एक,” सर म्हणाले. आवाज तिच्या कानाशी होता म्हणूनच ऐकू आला. “दोन. घाई नाही. एक. दोन.”

त्यांच्या हातातून गेलेला ठेका त्यांच्या मोजण्यात अजून जसाच्या तसा होता. मंदाकिनीने दारातून समोर दिसणाऱ्या कोनाड्यातल्या टाइपरायटरवर, त्या वाळलेल्या झेंडूवर नजर लावली आणि पदराखाली बोटं चालू दिली. सदर अर्ज आज रोजी मिळाला.

टिंग झालं.

“खैरनार, माझी लागली!”

“थांबा,” फोनमधून खडखडाट येत होता, मधेच एक शिवी आली. “थांबा... परत... घ्या! लागली!”

पुसण्याचं घड्याळ थांबलं. मंदाकिनीने दुसरा काही विचार करायच्या आत कुलूपच काढून टाकलं, आणि ज्यांना ज्यांना हाकललं होतं त्या सगळ्यांना एकच निरोप धाडला, ‘दार उघडं आहे. ओळ मारायची गरज नाही. आमची चूक झाली. या.’

आधी पंढरीनाथ आगळे आले. मग लीला म्हसकर. “मी आहे हो अजून!” त्यांनी लिहिलं. मग एकामागून एक नावं येऊ लागली, टिंग, टिंग, टिंग, आणि विमलकाकू दारात उभ्या राहून हसायला लागल्या.

खैरनारांचा स्वभाव मात्र जाईना. त्यांनी लिहिलं, “घोलपबाई, यातला एखादा खरोखर चोर असला तर?”

“असेलही,” मंदाकिनीने लिहिलं. “विचारपूस करू. चहाला बोलावू. घरी जाऊन बघू.”

मग ती उठली आणि तिने खुर्ची सरांना दिली. पडद्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरं आली, ‘रघुवीर तुपकरी टाइप करत आहेत’. ती दिसताच बाकीच्यांची टिंगटिंग थांबली. यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते.

अक्षरं गेली, पुन्हा आली. सरांचं करंगळीचं बोट अडकलं. मंदाकिनीने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिकडे गावोगावी म्हाताऱ्या बायका आणि म्हातारे पडद्यासमोर नुसते बसून होते, आणि कुणीही काही लिहीत नव्हतं. सहा वाजले, सहा वाजून गेले. बाहेर दूधवाला हाक मारून निघून गेला.

सरांनी शेवटची कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवला.

टिंग.

‘मंदा, तू विचारलं होतं आपण कोण आहात. मीच आहे. पुढील कार्यवाहीस्तव सादर.’